निशाणवाल्याचा पट्टा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र पोचलं. दाजींनी घड्याळाचं दुकान बंद केलं हे वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. ज्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग जागच्या जागी बसवली, त्याच हातांना कंप सुटावा! डॉक्टर म्हणतात बोटं चालती ठेवा आणि हे खिडकीशी बसून राहतात, असं तू लिहितेस. म्हणून आमच्या पटावरच्या लढाईच्या खेळातले सैनिक पाठवतोय, बोटभर उंचीचे, बिनरंगी, सोबत रंग आणि माझे ब्रश. त्यांना म्हणावं, आजवर मी रंगवलेल्या फौजेवर फुकट लढलात, आता स्वतःची उभी करा.

कृती सांगतो. मला ती कुणी शिकवलेली नाही, डबेच्या डबे वाया घालवून शिकलोय, तेव्हा काना-मात्रा न बदलता करावी. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, प्लॅस्टिकला साच्याचं तेल लागलेलं असतं. वाळले की बाटलीच्या बुचावर चिकटवायचे, म्हणजे अंगाला बोट लागत नाही. मग राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, स्प्रे, वीतभर लांबून. फवारा सैनिकाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवायचा. मध्येच थांबला की चेहरा बुजलाच. हवा दमट असेल त्या दिवशी डब्याला हात लावायचा नाही. वर साधे रंग आणि शेवटी शेड: गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सगळ्या अंगावर सोडायचा. तो आपला आपण चुण्यांत, खाचांत उतरतो आणि सावली पडते. कुठे थेंब साचला तर कोरड्या ब्रशने टिपायचा. याला हात स्थिर लागत नाही, हे त्यांना मुद्दाम सांग.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा

२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे सैनिक आल्यापासून जेवणाचं टेबल गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. बुचं कमी पडली म्हणून माझ्या औषधाच्या बाटल्या उघड्याबोडक्या झाल्यात. रोज सकाळी हे खिडकीबाहेर हात काढून हवा तपासतात, जसं काही आकाशवाणी यांनाच विचारणार आहे. पहिल्या सैनिकावर शेड सोडली आणि कोटाच्या चुण्या आपोआप उमटल्या, तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. दुकान बंद झाल्यापासूनची ती पहिली हाक.

तुकडी पुरी झाली, ती सोबत पाठवतेय. हे नको म्हणत होते. तुझ्या दादाच्या नजरेतून कारखान्यात एक नट सुटत नाही, तिथे हे काय सुटणार, म्हणाले. मीच हट्ट धरला. शेवटी म्हणाले, पाठव, पण कसे झालेत ते खरं कळवायला सांग. निशाणवाल्याचा पट्टा नागमोडी आलाय, ते त्यांनाही ठाऊक आहे. तरी तोच त्यांचा लाडका.

वहिनीला नमस्कार. आमची आठवण असू दे.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

तुकडी पाहिली. झकास. प्रायमर तर इतका पातळ आणि सारखा, की मलाही साधला नसता. वाटेत घासू नयेत म्हणून एकेकाला कापसात गुंडाळून परत पाठवतोय. इकडे कामाची गर्दी आहे, जास्त लिहीत नाही. सोबत बिनरंगी घोडेस्वार ठेवलेत, दाजींना म्हणावं, आता हे घ्या.

लोभ आहेच.

दादा

२० मार्च

ती. दादास नमस्कार.

पार्सल आलं. यांनी निशाणवाला हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, मग खणातून दुकानातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. एकेक करून सगळे पाहिले. मला म्हणाले, "पट्टा सरळ झालाय." एवढंच. सगळे परत कापसात गुंडाळले आणि खोकं कपाटावर ठेवलं. ब्रश धुऊन, पुसून, तुला परत द्यायला काढून ठेवलेत. घोडेस्वारांना साबणही लागलेला नाही.

टेबल मोकळं झालं. आता आम्ही टेबलावर जेवतो आणि मला मांडीवरचंच ताट बरं वाटतं, कारण पाठवायचा हट्ट माझा होता. काल जेवताना आपणहून म्हणाले, दादांवर राग नाही. गिऱ्हाइकाला न सांगता मीही कित्येक घड्याळं नीट केली. पण ती बिघडली म्हणून माझ्याकडे आली होती.

तू नक्की काय केलंस ते मला नको, त्यांना लिही.

धाकटी

२६ मार्च

ती. दाजींस सा. न. वि. वि.

तुम्ही खरं कळवायला सांगितलं होतंत आणि मी झकास लिहून मोकळा झालो. खरं ते असं. पार्सल उघडलं तेव्हा माझ्या मनात फक्त निशाणवाल्याचा पट्टा होता. एक रेघ, म्हटलं, कुणाला कळतंय. तो सरळ झाला आणि शेजारच्याची बाही वाकडी दिसू लागली. ती झाली, तर तिसऱ्याच्या गालावरचा शेडचा थेंब खुपायला लागला. ढोलवाल्यापर्यंत पोचलो तोवर हात असा बसला होता, की तो अख्खाच नव्याने रंगवला. लाज वाटते ती याची, की त्या वेळी मला मजा येत होती. तुम्ही आठवलाच नाहीत.

कारखान्यात सदोष नगावर मी खडूने फुली मारतो. निदान बनवणाऱ्याला कळतं तरी. तुम्हाला मी तेवढाही मान दिला नाही. हात स्थिर लागत नाही असं मीच लिहिलं आणि माझ्या स्थिर हाताने तुमचं काम झाकून टाकलं.

माझा रंग काढायला जावं तर खालचा तुमचाही निघेल. भरून देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फक्त ते ब्रश परत पाठवू नका. ते हातात घ्यायची मला हिंमत होणार नाही.

लोभ ठेवा असं म्हणायचं तोंड नाही, तरी म्हणतो.

आपला मेहुणा

१५ एप्रिल

रा. रा. मेहुणे यांस स. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण राग होता. नाही असं तुमच्या बहिणीला सांगितलं, ते खोटं होतं. तिने तुमची बाजू घेतली नाही, हे माहितीसाठी.

काल हवा कोरडी होती. खोकं खाली काढलं आणि तुकडीवर पुन्हा राखाडी प्रायमर मारला. तुमची रेघ गेली, माझीही गेली. तुमच्या कृतीत एक गोष्ट राहून गेली होती: स्प्रेला कापरा हात उलट बरा, थर सगळीकडे सारखा बसतो. मात्र रंगावर रंग आणि त्यावर हा थर, त्यामुळे चेहरे थोडे बुजलेत. ते आपण दोघांनी मिळून केलं.

आज निशाणवाल्याचा पट्टा काढला. पहिल्यापेक्षा जास्त नागमोडी आलाय. तसाच ठेवलाय.

ढोलवाल्याला प्रायमर मारला नाही. त्याच्यावर माझं काही दिसतच नाही, तेव्हा तो तुमच्या फौजेत. सुटी काढून या, पट मांडून ठेवतो. पहिला तोच पडणार आहे. येताना ब्रश आणू नका.

लोभ शिल्लक आहे, वाढायला थोडा वेळ द्या. अक्षर लागत नसेल तर भिंग लावा, पण त्यावरून पेन फिरवू नका.

तुमचे दाजी