बार्तोलोमेओकाकांच्या थडग्यावरचा खडा

मी, एर्मिनिया बोल्ला, वय सत्तेचाळीस, अविवाहित, रोक्काल्बा गावच्या शाळेतील शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. (स्मेराल्दाबाई पाठीमागे उभ्या राहून सूचना करत आहेत; पण ते दडपण नव्हे, त्यांची सवय आहे.) येत्या सोमवारी तुरीनच्या इस्पितळात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले. म्हणून लिहायला बसले.

कलम १. घर. माझे राहते घर, मागच्या अंजिराच्या झाडासह, स्मेराल्दा ओत्तोलेंगी यांनी हयात असेपर्यंत वापरावे. त्यानंतर ते माझा भाचा रेमिजिओ याला मिळावे. त्याआधी एक दिवसही नाही. गेल्या ईस्टरला तो आला तेव्हा बैठकीची खोली पावलांनी मोजत होता. "मावशी, ही म्हातारी आपली कोण लागते गं?" असे त्याने विचारले. त्याचे उत्तर इथे देते.

स्मेराल्दा ओत्तोलेंगी हे नाव गावात कोणालाच ठाऊक नाही. गाव त्यांना कार्मेलाकाकू म्हणते. त्या ज्यू आहेत. कॉलेजात असताना मी तुरीनला त्यांच्या घरी भाड्याने राहत होते. युद्धात जर्मन आले आणि ज्यूंना घरांतून ओढून नेऊ लागले, तेव्हा त्या एक टोपीची पेटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्याकडे मऊ उशी आहे का? नसली तर आत्ताच सांग, मी दुसरीकडे बघते." दुसरीकडे बघायला त्यांना जगात कोणी उरले नव्हते. हे आम्हा दोघींनाही माहीत होते.

मग मी बार्तोलोमेओकाकांचे लग्न लावले. हे माझे चुलते. दक्षिणेत, कालाब्रियात, रेल्वेच्या नोकरीत होते. आयुष्यभर बायकांना घाबरले आणि ब्रह्मचारीच गेले. ते इथल्याच कबरस्तानात असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांची कालाब्रियाची विधवा म्हणून बाई गावात आल्या. तोंड उघडताच त्या तुरीनच्या हे कळले असते, म्हणून त्या मुक्या आहेत असे मी जाहीर केले.

स्मेराल्दाबाईंना मुके ठेवणे म्हणजे कोंबडे झाकून ठेवणे. दुसऱ्याच बाजाराला चीजवाल्याने तराजूवर अंगठा टेकवला आणि बाई अस्सल तुरीनच्या बोलीत कडाडल्या, "अंगठा उचल, मेल्या! मी चीज घ्यायला आलेय, तुझा हात मागायला नाही!"

सगळ्या बाजाराने वळून पाहिले. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझी शेजारीण पिएरीना गाल्लो ओरडली, "चमत्कार! आपल्या गावच्या संत देफेंदेन्तेनं मुकीला वाचा दिली!" आणि गुडघ्यांवर बसली. तिच्यामागोमाग सगळा बाजार बसला, चीजवालासुद्धा. संताने दिलेली वाचा तुरीनची कशी, हे कोणी विचारले नाही. त्या दिवसापासून काकू अर्ध्या संत झाल्या. आजही गावच्या बायका त्यांच्याकडून प्रार्थना करवून घेतात आणि अंडी ठेवून जातात.

कलम २. दफन. स्मेराल्दाबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने, तुरीनच्या ज्यू कबरस्तानात, त्यांच्या यजमानांशेजारी पुरावे. पाद्रीबाबांनी त्यांच्यासाठी चर्चमध्ये संताच्या पायाशी जागा धरून ठेवली आहे. ती सविनय नाकारावी. दुसऱ्याचे गुपित आपल्या मृत्युपत्रात फोडण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. शेवटी त्यांनाच विचारले.

"लिही की," त्या म्हणाल्या. "पण इतक्यात कुणाला दाखवू नकोस. अंडी बंद होतील." मग उशीचा अभ्रा उगाच सारखा करत म्हणाल्या, "तू नसलीस तर मला इथून हाकलतील का गं?"

हे सगळे लिहिणे त्या एका प्रश्नासाठी आहे.

कलम ३. रोजनिशा. जाळाव्यात. कोणी वाचल्याच तर निराशा होईल. युद्धाच्या त्या काळात मी फक्त हवामान लिहिले आहे. बाईंना घरात लपवले याला धैर्य म्हणावे का, हे मी अनेकदा तपासून पाहिले. निम्मी भीती निघते आणि उरलेला एकटेपणा. सूप खारट झालेय असे सांगणारे घरात कोणीतरी हवे होते.

उशी स्मेराल्दाबाईंची. तिच्यावर रेमिजिओने डोळा ठेवू नये.

कलम ४. पिएरीना गाल्लो. हिला काहीही मिळू नये. आमच्या अंजिराची एक फांदी तिच्या कुंपणावर झुकते. ती फळे खाते आणि वर म्हणते, "तुमचं झाड माझ्या कोबीवर सावली पाडतं, मास्तरीणबाई." माझ्यामागे ती फांदी तोडावी.

दुसरे कारण जुने आहे. त्रेचाळीस सालच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळे गाव थडग्यांवर शेवंती वाहत होते. काकूंनीही वाहिली. आणि मग सवयीने एक खडा उचलून काकांच्या थडग्यावर ठेवला. ज्यू आपल्या मृतांना फूल वाहत नाहीत, खडा ठेवतात. माझ्या लक्षात आले तोवर बायकांनी आम्हाला वेढले होते. खडा उचलता आला नाही, आणि अंधार पडताच संचारबंदी लागली.

सकाळी धावत गेले. पाहते तर प्रत्येक थडग्यावर एकेक खडा! मधोमध पिएरीना, एप्रनला चिखल.

"काकूंची नक्कल करतेस?" मी फणकारले.

"मी कशाला कुणाची नक्कल करू?" ती म्हणाली.

त्याच सकाळी काळ्या सदऱ्यातला एक फॅसिस्ट अंमलदार झडती घेत तिथे आला आणि हे खडे कसले म्हणून विचारू लागला. पिएरीना म्हणाली, "वाऱ्यानं फुलं उडतात, साहेब. तुमच्या गावाला वारा नसतो का?" तो गेला. आम्ही नकलेमुळे वाचलो हे मान्य. पण नक्कल ती नक्कलच.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. साक्षीला येणारी चांभाराची बायको तापाने आजारी पडली, म्हणून नोटरी पिएरीनाला घेऊन आले. न वाचता सही करणार नाही म्हणाली. उभ्या उभ्या, ओठ हलवत, तिने सगळे वाचले. स्मेराल्दाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मला अंजीरसुद्धा नाही?" पिएरीना म्हणाली.

"पिएरीना, पहिलं कलम वाचलंस ना?"

"वाचलं. त्यात नवीन काय आहे? लग्नाआधी मी कासालेला एका ज्यू वकिलाकडे कामाला होते. बाईसाहेबांबरोबर थडग्यांवर खडे मीच ठेवायचे. ह्यांचा खडा मी पाहिला. उचलून टाकला असता, पण निम्म्या गावानं बघितलेला. म्हणून बाकीचे ठेवले. कंबर मोडली माझी! आणि तुम्ही म्हणता नक्कल."

"आणि बाजारात?"

"मग काय ओरडायचं होतं? ही तुरीनची आहे, धरा हिला म्हणून?"

दुसरे साक्षीदार, चर्चचे घंटावाले अत्तिलिओ, टोपी चुरगळत म्हणाले, "त्या रात्री कबरस्तानाचं फाटक मी उघडून दिलं होतं. मला काय मिळणार?"

स्मेराल्दाबाईंनी आवाज खाली आणला. या घरात असे पहिल्यांदाच घडले. त्यांनी विचारले, "आणि अंडी?"

"ती चालूच राहतील, काकू. तुम्ही कुणाच्या देवाला सांगता ते कोंबडीला कुठं कळतंय? आणि तो रेमिजिओ हाकलायला आलाच, तर आधी माझ्या कुंपणापाशी गाठ आहे."

सबब कलम ४ रद्द. फांदी तोडू नये. तिच्यावरची सर्व फळे पिएरीना गाल्लो यांची. त्यातली टोपलीभर अत्तिलिओंना. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पिएरीनाने करावी. सावलीची भरपाई तिने मागितली आहे. तो वाद मी परत आले तर पुढे चालवीन.

आले नाही, तर माझ्या थडग्यावर शेवंती नको. एक खडा पुरे. पिएरीना मोठा निवडील, स्मेराल्दाबाई म्हणतील लहान हवा होता. दोघींनी भांडत का होईना, बरोबर यावे.

सही: एर्मिनिया बोल्ला

साक्षीदार: पिएरीना गाल्लो (सगळे वाचून)
अत्तिलिओ पेर्नो (ऐकून)

रोक्काल्बा, १८ ऑक्टोबर १९५१