राख टाक, अंधार असला तरी

प्रोखोर,

तू मागच्या दाराने गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेलास आणि इकडे सासूबाई पुढच्या पायरीवर घसरल्या. खुबा मोडलाय. मी त्यांच्याबरोबर शहरातल्या दवाखान्यात चाललेय, गाडी दारात उभी आहे.

काल वाफेची अंघोळ झाल्यावर बादली सांडपाण्याच्या खड्ड्यापर्यंत न्यायचा तुला कंटाळा आला. पाणी पुढच्या पायरीवरच ओतलंस, त्याचा बर्फ झाला. कुणी घसरू नये म्हणून मी चुलीतली राख त्यावर टाकायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "दिवस मावळल्यावर राख बाहेर काढतेस? घरातलं भाग्य जाईल, बये." मी ऐकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाद घातला नाही, तो नेमका कालच.

आता सासूबाई गाडीतल्या नर्सला सांगतायत, "सुनेने राख टाकली नाही." पाणी कुणी ओतलं, ते सांगत नाहीत. मीही सांगितलं नाही.

बिटाचं सूप चुलीवर आहे. बाहेर पडताना बुटांवर जुने लोकरीचे मोजे चढव, बर्फावर पकड बसते, पावलं लहान टाक, हात खिशात घालू नकोस. आणि आल्याबरोबर पायरीवर राख टाक. अंधार पडलेला असला तरी टाक. भाग्य जायचं ते सकाळीच स्ट्रेचरवरून गेलंय.

ग्लाफिरा