ताईचा चित्रफलक

३ मार्च

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेला निघताना ताई माझ्या वेण्या घालायची. दातांत पिना, एका हातानं माझी मान सरळ धरलेली, आणि तशाच तोंडानं बडबड चालू — "हलू नकोस, सिस्टर ओरडतील!" दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. मला सगळं कळायचं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्या तोंडून शब्द येत नाही. मी तयार केलेल्या फलकावर ती चित्रांना बोट लावते, संगणक ते शब्द म्हणतो. आज चाळीस मिनिटांनी पडदा पुन्हा गोठला. लावलेली अकरा चित्रं गेली. लावलेल्या चित्रांची ओळ जपून ठेवायची सोय मी केलीच नव्हती. ताईनं डोळे मिटून घेतले.

४ मार्च

कारण सापडलं. प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत चढतं आणि मी ते उतरवतच नाही. आयुष्यभर प्रोग्राम लिहिले, आणि चूक नवशिक्याची! ठरवलं — सगळीकडे स्मार्ट पॉइंटर लावायचे. प्रोग्रामच्या किती भागांनी चित्र धरलंय ते हा पॉइंटर मोजतो. शेवटच्यानं सोडलं की आपणहून मेमरी आवरतो. माझ्यासारख्या विसराळू बाईला बरा.

६ मार्च

दोन दिवस बसून सगळं बदललं. पाठीचं लाकूड झालंय.

ताईनं पहिलं काय लावावं? "बहीण. केस. झाडू." आरशात पाहिलं. खरंच की!

मग गंभीर होऊन एकेक चित्र लावत बसली. चाळीस मिनिटं. पुन्हा गोठलं. या खेपेला तिनं फलक हातानं दूर सारला.

७ मार्च

काही केलं नाही. थकले.

८ मार्च

भाचीचा फोन. ताईची लेक, तीही याच धंद्यात, संगणकावरचे खेळ बनवते. तिला कोड पाठवलं होतं. आधी पोटभर हसली.

"मावशी, तुझ्या पॉइंटरकडे चित्र नाहीच. चित्राचा नंबर आहे नुसता. तो बिचारा नंबर फेकून देतो. चित्र काढून टाक, असं ग्राफिक्सच्या लायब्ररीला कोण सांगणार? सामानघराची पावती फाडलीस, ट्रंक आतच!"

"मग गं?"

"शेवटी काय करायचं, ते पॉइंटरला आपणच शिकवायचं. एक ओळ लिही."

एक ओळ! आणि मी पाठ मोडून घेतली.

फोन ठेवताना म्हणाली, "आईला एवढं काय सांगायचंय?" म्हटलं, पलंग खिडकीशी हवा असेल. परवा हलवलाही. पण ताईनं मान हलवली — ते नव्हे.

९ मार्च

ओळ लिहिली. मेमरीचा आकडा चढला आणि — उतरला! बघतच बसले. ताईची चित्रांची ओळ जपायची सोयही केली, उशिरा का होईना.

१० मार्च

सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही. व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, "आज हातपाय हलवायला तयारच नाहीत. त्या पडद्यातून मान वर करतील तर शपथ." मी डोकावले तर ताईनं चांगल्या हातानं मला दाराबाहेर हाकललं. अजून दादागिरी आहेच!

११ मार्च

मला समोर बसवून ताईनं पूर्ण ओळ ऐकवली. एकदा. मग पुन्हा, कारण पहिल्यांदा मी मध्येच उठले. जशी ऐकली तशी उतरवते.

शिवणयंत्र — लेक.
बांगड्या — लेक. आत्ता. नंतर नको.
पुस्तकं — शाळा.
गरम शाल — व्यायामाची बाई.
संगणक, फलक — दवाखाना. बोलता येत नाही, असा माणूस.
बहीण — सुट्टी.