मक्याचं अनुदान बंद पाडताना

३ फेब्रुवारी
...आणि हेच तर मी मावशीला सांगत होतो! प्रॉब्लेम माणसाचा नाही, सिस्टिमचा आहे. शेजारचा बडा शेतकरी (मी त्याला मकाराजा म्हणतो) मका पेरतो, म्हणून सरकार त्याला एकरी अनुदान देतं. मावशी कोबी-टोमॅटो लावते, तिला शून्य. का? तर म्हणे भाजी ‘योजनेत बसत नाही’. लोक काय नुसता मका खातात? मूर्ख लेकाचे! आणि त्याच अनुदानाच्या जोरावर मकाराजाचा डोळा मावशीच्या शेतावर. शेत तिचं नाही, खंडाने घेतलेलं. एप्रिलमध्ये करार संपतो. मालक शहरातले डॉक्टर, जो जास्त खंड देईल त्याला शेत.
संकल्प: एप्रिलच्या आत मक्याचं अनुदान बंद पाडायचं.
मावशी म्हणाली, आधी पाणी बंद कर बाळा, वाफा वाहतोय.

९ फेब्रुवारी
अनुदान ऑफिस. क्लार्क म्हणाला, तक्रार फक्त लाभार्थीच करू शकतो. म्हणजे ज्याला मिळत नाही त्याने गप्प बसायचं! तिथेच ओरडलो. जाम इफेक्टिव्ह. वॉचमनने पाणी पाजलं आणि दार दाखवलं.

१६ फेब्रुवारी
मका संघाची मीटिंग. मावशीने बजावलं होतं, भांडू नकोस रे, आपली नांगरट मकाराजाच्याच ट्रॅक्टरने होते. मागे बसलो. पण राहवेना. उठलो आणि सरकार, ऑफिस, क्लार्क, सगळ्यांना धू धू धुतलं. ‘अनुदान बंद करा’ म्हणणारच होतो, तेवढ्यात टाळ्या. अध्यक्ष मकाराजाच. खांद्यावर हात टाकून म्हणाला, पोरा, असा आवाज आमच्यात एकाचा नाही, अनुदान वाढवून मागायला ऑफिसच्या मोठ्या साहेबांपुढे तूच बोल.
नवी स्ट्रॅटेजी: आत घुसून सिस्टिम फोडायची.

२ मार्च
प्लॅन रेडी. मुद्दा एक: मक्याचं अनुदान वाढवा. (फक्त संघाचा विश्वास बसावा म्हणून.) मुद्दा दोन: भाजीला अनुदान द्या. हा खरा बॉम्ब!
मावशीने विचारलं, मग दुसरा आधी का नाही? तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.
मकाराजाने स्वतःचा ब्लेझर दिलाय. बाह्या लांब आहेत. माणूस मनाने वाईट नाही.

११ मार्च
मुद्दा एक. काय बोललो मी! टेबलावर मूठ आपटली, साहेबांचा चहा सांडला. साहेब म्हणाले, वाढवतो, वाढवतो, पण खाली बसा. आणि जेवायला उठले. मुद्दा दोन जिन्यात सांगितला. त्यांच्या कानाला फोन होता, पण मान माझ्यासाठीच हलत होती.

२ एप्रिल
मक्याचं अनुदान वाढलं. मकाराजाने मला उचलूनच घेतलं. मावशी उठून वाफ्याकडे गेली. साहजिक आहे. मुद्दा दोन अजून प्रोसेसमध्ये आहे.

१९ एप्रिल
डॉक्टरांचा फोन. मकाराजाने खंड वाढवून दिलाय, तुम्हाला तेवढा जमेल का? मावशी म्हणाली, कोबीत तेवढं सुटत नाही हो.
शेत गेलं.
संतापून मकाराजाकडे गेलो. चोर, लबाड, जे तोंडात येईल ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, वा! पुढच्या वर्षी साहेबांपुढे अस्संच.

२० एप्रिल
मावशी शेवटचा कोबी काढत होती. मदतीला गेलो. म्हणाली, राहू दे, तुझा घसा बसलाय, घरी जा. बस, एवढंच. चिडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.
डायरी, तूच सांग, मुद्दा एक आधी घेतला, यात माझं काय चुकलं?