परसातल्या खंडोबावरची अक्षरं

३ फेब्रु., सोम.
बायकोचं, क.चं, ऑपरेशन गुरुवारी. हृदयाची झडप बदलणार. डॉक्टर हसतमुखाने बोलला, मी तेच दोनदा विचारलं. दुपारी ॲडमिट. जाताना एकच सांगणं, "अहो, खंडोबास न्हाऊ घाला. अंगावरला मळ अस्का काढा, कणभर ठेवू नका, नवा शेंदूर लावा. मग मला भय नाही."
खंडोबा म्हणजे परसातला कमरेएवढा दगड. पूर्वज देशावरून इकडे तमिळ मुलखात आले तेव्हा बरोबर आणला म्हणतात. आजवर तेल-शेंदूर थापतच आलो, काढला कुणी नाही.

४ फेब्रु., मंगळ.
गरम पाणी, शिकेकाई, काथ्या. सकाळभर घासलं. शेंदराची खपली डोशाएवढी निघाली. आत डोळे असतील, मिशी असेल, असं वाटलेलं. निघाली अक्षरं! जुनी तमिळ, एकही लागेना. खाली ओळीने खड्डे, बोट बुडेल एवढे. काथ्या खाली ठेवला.
शेजारच्या सेल्वम सारांना बोलावलं, कॉलेजात इतिहास शिकवायचे. म्हणाले, "मामा, हा वाटेवरचा दगड. अक्षरं न येणाऱ्यांनी खड्डे मोजून अंतर ओळखायचं. चोळांच्या काळचा असेल, नंतरचाही असेल." मग इथे कसा? "कुणास ठाऊक. पापनाशम गावाच्या वाटेवरून कुणी उचलला असेल, नाहीतर वाटच इथून जात असेल."
म्हणजे देशावरचा नाहीच? बापाने, आजोबाने कुणापुढे डोकं टेकलं? क. कुणाच्या भरवशावर छाती उघडून घ्यायला निघालीय?
सार म्हणतात पुरातत्त्व खात्याला कळवू, तोवर काही लावू नका.

५ फेब्रु., बुध.
मुलीला, रमाला, सांगितलं. "अप्पा, आईस आत्ता एक अक्षर बोलू नका." तरी संध्याकाळी क.चा व्हिडिओ कॉल. "मला दाखवा त्यास."
पाच मिनिटांत करतो म्हणालो. शेंदूर कालवला, सारांना न विचारता फासला. कितीही थापला तरी खड्डे बुजेनात. फोन धरला. अजून जवळ धरायला लावला.
"अहो, हा आपला वाटेना."
"नवा शेंदूर ना, म्हणून."
"खोटं बोलताना तुम्ही घसा खाकरता."
हसली नाही. फोन ठेवला.
देवाचा कोप वगैरे मानत नाही, असं चारचौघांत सांगत आलोय. आज परसाचं दार लावून घेतलं. भीती वाटते, काय लपवायचं.

६ फेब्रु., गुरु.
सकाळी आत नेली. स्ट्रेचरवरून माझा हात घट्ट धरला. "मी आत असेपर्यंत त्यास सांगत बसा. थांबू नका."
बाकावर बसून हात जोडले. ओठ हलतात, नाव येत नाही. खंडोबा म्हणायला जातो आणि ती अक्षरं समोर येतात. वाटेवरच्या दगडाला काय म्हणून हाक मारतात? बायको वाचव, एवढंच म्हणतोय. कुणाला, ते...
चहा आणला रमाने. प्यालो नाही.
ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. नर्स क.चं नाव घेऊन विचारतेय, घरचं कोण आहे. रमा गेली पुढे. मी उठत नाही; थांबू नका म्हणालीय ती.