बोदिलच्या पाठीवरचं तेल

प्रिय रालित्सा,

तुझा बोदिल बरा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं न वाचताच तू रडत बसशील. शेगडी पेटवायला लागल्यापासून त्याची कातडी सुकली होती. अंथरुणात पिठासारखा कोंडा पडायचा, काटे गळायचे, आणि पठ्ठ्याने कानामागे खाजवून रक्त काढलं होतं. गाब्रोवोच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, किडे नाहीत, घरातली हवा कोरडी आहे. शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवा, ओट भिजवलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवा, साबण लावू नका, आणि काट्यांच्या मुळाशी ऑलिव्ह तेलाचे एक-दोन थेंब सोडा. तुझं तेल-पाणी करून हात मोकळे झाले म्हणेपर्यंत या वयात हेजहॉगचं करायची वेळ आली.

पण तो माझ्या हाताला दाद देईना. मी जवळ गेले की चेंडू व्हायचा आणि फुसफुसायचा. तुझे बाबा लाकूड कोरायला बसले की हा त्यांच्या राखाडी स्वेटरच्या बाहीत झोपायचा, आठवतं ना? तो स्वेटर पिंजऱ्यात घातला तेव्हा कुठे शांत झाला. म्हणून बाबा गेल्यावर त्यांचे कपडे वाटताना तो एक मी मागे ठेवला. गेलेल्या माणसाचं सगळं चाळिसाव्या दिवसाच्या आत देऊन टाकायचं असतं, ते का मला माहीत नाही? शेजारच्या पेनका आजींना कळलं तेव्हा त्या कुंपणावरून म्हणाल्या, "अगं बाई, एक कपडा ठेवलास तर तुझा ग्रोझ्दान कशाला जाईल? थंडी वाजली की यायचाच तो परत." मी म्हटलं, मुक्या जिवाला हवाय, त्याला कुठे कळतात तुमचे चाळीस दिवस.

मग एका सकाळी मी तेलाची बाटली घेऊन गेले, तर बोदिलची पाठ आधीच तेलाने चमकत होती. वास ऑलिव्हचा नव्हता, अक्रोडाचा होता. बाबा कोरीवकामाला लावायचे आणि उरलेलं स्वतःच्या भेगाळलेल्या हातांना चोळायचे, तेच तेल. ती बाटली त्यांच्या कामाच्या खोलीत असते, खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. उघडून पाहिलं. सगळ्यावर धूळ होती, फक्त बाटली पुसलेली, आणि तेल उतरलेलं.

त्यानंतर रोज सकाळी तेच. कोंडा थांबला, नवे काटे येऊ लागले. बोदिल आता पोट वर करून झोपतो. तसा तो फक्त एकाच माणसाच्या तळहातावर झोपायचा. मला भीती वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी बाबांच्या खुर्चीला सुप्रभात म्हणू लागले, कॉफीचे दोन पेले मांडू लागले.

परवा मात्र मी त्या खोलीच्या उंबऱ्याशी पीठ चाळून ठेवलं. सकाळी पिठात अनवाणी पावलं उमटली होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी. मी त्या पावलांजवळ माझं पाऊल ठेवून पाहिलं नाही, धीरच झाला नाही. मग कणीक मळायला हात धुतले, तर माझ्याच नखांतून अक्रोडाच्या तेलाचा वास आला. वाटलं, काल बोदिलला उचललं होतं, त्याचा असेल. पण काल मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

रविवारी फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणाले, कारण फोन बाबांच्या खुर्चीजवळ आहे. ते खरंच येत असतील, तर मी त्यांना घालवायला निघालेय असं त्यांना ऐकू नाही जाणार का? म्हणून पत्र. पोरी, तू ये. पीठ मी झाडलेलं नाही. मला हाताला धरून तिथे ने आणि माझं पाऊल त्या पावलाशेजारी ठेव. ती माझीच निघाली, तर मला तुझ्याबरोबर घेऊन जा, मी एका शब्दाने आडकाठी करणार नाही. आणि माझी नसली, तर तो स्वेटर तू कुणाला तरी देऊन टाक. माझ्या हातून ते होणार नाही.

तुझीच,
आई