इद्दत आणि दहावी ब

अहो,

सलाम. उद्या सकाळी सातच्या बसने मी शाळेत चाललेय. तुमच्या मागे विधवेने घरात बसून काढायची ती चार महिने दहा दिवसांची इद्दत धरलीय, त्यातले जेमतेम दोन महिने झालेत, आणि मी चाललेय! दचकलात ना? म्हणून तर आधी तुम्हाला लिहितेय. एरवी शाळेतलं सगळं तुम्हालाच सांगायचे. यार्डातल्या कामावरून दमून आलेले तुम्ही, पेपरात डोकं घालून नुसतं "हं, हं" करायचात. आज जरा नीट ऐका.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून तुमच्या आपांनी घराचा ताबा घेतलाय. भावासाठी रडणं एकीकडे आणि माझ्यावर पहारा एकीकडे! आरशावर टॉवेल, टीव्हीवर चादर. बाल्कनीत पाऊल टाकायचं नाही, का तर आभाळ दिसतं. इद्दतीतल्या बाईने आभाळ बघायचं नसतं म्हणे! अहो, चौथ्या मजल्यावर राहून माणसाने आभाळ चुकवायचं कसं?

मग शाळेतून फोन सुरू झाले. दहावी 'ब'ला गणिताला कोणी नाही. माझ्या जागी चित्रकलेचे सर पाठवले. ते बिचारे वर्तुळ झकास काढतात, पण स्पर्शिका आली की त्यांना घाम फुटतो. करंजा गावातून एका मुलाच्या आईचा फोन, "मॅडम, तुमी नाय आलाव त पोरांचा काय खरा नाय." परीक्षा सहा आठवड्यांवर! माझा नुसता जीव वरखाली.

तेव्हा तुमचं मराठी कुराण काढलं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर तुम्ही त्याचा अर्थ मोठ्याने वाचायचात आणि मी डुलक्या काढायचे. किती चिडायचात! "सलमा, ऐक तरी गं." पंचवीस वर्षं नाही ऐकलं, याचं आता फार वाईट वाटतं हो. या वेळी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. चार महिने दहा दिवस थांबायचं, हे आहे. आरसा? नाही. टीव्ही तर नसणारच. आभाळाचं मी दोनदा शोधलं, कुठेच नाही.

आपांना दाखवलं, तर म्हणाल्या, "तू काय मौलाना झालीस?"

म्हणून खऱ्या मौलानांना बोलावलं. म्हणजे आपल्या मशिदीतला इरफान हो, माझ्याच हाताखाली भूमितीत दोनदा गचकलेला! तो दाराबाहेर खुर्चीवर, मी पडद्याआड. मान खाली घालून म्हणाला, "टीचर, गरज असली तर दिवसा बाहेर जायची मुभा आहे. रात्र घरी काढायची. पण शाळेने तुम्हाला रजा दिलीय, पगारही चालू आहे. मग तुमची गरज कुठली?"

बघा, पोरगं विचार करायला शिकलंय! मी म्हटलं, "माझी नाही, छत्तीस मुलांची गरज आहे. ती धरायची की नाही?" हे कुठे सरळ लिहिलेलं आठवत नाही, म्हणाला, विचारून सांगतो.

दोन दिवसांनी आला. त्याला मदरशात शिकवलेल्या म्हाताऱ्या उस्तादांनी फोनवर एकच विचारलं होतं, मुलांना शिकवायला दुसरं कोणी आहे का? इरफानने चित्रकलेच्या सरांचं सांगितलं. उस्ताद पोट धरून हसले म्हणे. मग म्हणाले, "ही गरजच झाली. जाऊ दे तिला."

मी टाळी वाजवणार, तेवढ्यात आपांकडे लक्ष गेलं. तांदळाचं ताट घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता भांडण! तर त्यांनी इरफानला हळूच विचारलं, "दिवसा जायची मुभा हाय, ते आता नवीन काढलंय काय?"

"नाही आपा, फार जुनं आहे. आधीपासूनच आहे."

तो गेल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या. "म्हंजे मी बसलेले तेव्हापन होतं?"

अहो, नवरा गेला आणि त्या इद्दतीला बसल्या, तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. डी.एड.चे शेवटचे दोन पेपर राहिलेले, हॉलतिकीट घरात. सासरच्यांनी खोलीबाहेर येऊ दिलं नाही. पुढे त्या परीक्षेला पुन्हा कधी बसल्याच नाहीत. उरणभर हसत हसत सांगतात, "आमी मास्तरीण होता होता राहिलो."

"होतं, आपा," मी म्हटलं. खोटं कसं बोलू? खूप रडल्या हो. तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

आणि तुम्ही? इतकी वर्षं ते पान वाचलंत, त्यात बाईला खोलीत कोंडा असं कुठेच नाही, हे सख्ख्या बहिणीला एकदाही वाचून दाखवलं नाहीत? तिला वाईट वाटेल म्हणून? मला वाटतं, तुम्ही जरा घाबरलातच.

असो, जास्त बोलत नाही. आज दुपारपासून आपांचा नूर पालटलाय. माझी बॅग भरली, खडूचा डबा शोधून काढला, वर दम दिला, "पहिल्याच दिवशी पोरांवर ओरडू नको." मला विचारतात कशा, स्पर्शिका म्हणजे काय ते सांग! कागदावर काढून दाखवली. एका फटक्यात कळली त्यांना.

तर माझं वचन ऐका. आपल्या बिल्डिंगमध्ये, नात्यात, गावात, जी कोणी इद्दतीला बसेल, तिच्याकडे पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघी पुस्तक घेऊन जाऊ. मी वाचीन, आपा समजावतील. यापुढे एकीचाही पेपर बुडू देणार नाही.

तुमचीच,
सलमा